मॉस्कोला शिदोरी काय द्यायची

माझ्या मायला कोस आणि मैल सांगितले तर ती नुसती मान हलवायची. तिचा हिशोब शिदोरीचा. पुसदच्या बाजाराला जायचं तर ज्वारीच्या दोन भाकरी आणि ठेचा, कारण माणूस दिवेलागणीला घरी. माहूरला देवीला जायचं तर दुधात मळलेल्या दशम्या, त्या दोन दिवस मऊ राहतात. नागपूर म्हटलं की तिखटमिठाच्या पुऱ्या आणि जवसाची चटणी. त्याच्याही पलीकडे कोणी निघालं तर ती सातूचं पीठ आणि गूळ बांधून द्यायची नि म्हणायची, "आता तुले देव पाहीन." सातूच्या पुढे मायची दुनिया संपत होती. आता माझी नात मला फोनवर दाखवते, दोन शहरांची नावं टाकायची की मधलं अंतर आणि विमानाचे तास समोर येतात. मी म्हटलं, बाई, हे आमच्या चुलीपुढं पिठाच्या डब्यावरून कळत होतं. ती हसली. तिला वाटलं म्हातारी गंमत करते आहे.

त्या वर्षी श्रावणात माझा दादा, गुणवंत, भिलाईहून सुटीवर आला. नागपूरला शिकून तो भिलाईच्या पोलादाच्या कारखान्यात लागला होता. आमच्या गावातून नोकरीसाठी एवढ्या लांब गेलेला तो पहिलाच. माय धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानांना बेसन लावत बसली होती, कारण दादा आला की धोप्याच्या वड्या व्हायच्याच. मी पाटा-वरवंट्यावर मिरच्या वाटत होते. दादा उंबऱ्यावर बसून बुटाच्या नाड्या सोडता सोडता बोलला, "माय, मले वर्षभर मास्कोले पाठवून राह्यले. काम शिकाले."

"कुठीसा आला थो?"

"रशियात. दिल्लीले सकाळी बसलो का दिवस बुडाच्या आत पोचतो."

"गाडीनं?"

"इमानानं."

मायचा हात पानावर थांबला. "अन् वाटंनं खाशीन काय?"

"इमानात देतेत जेवाले. बाई असते एक, जाग्यावर ताट आणून देते."

"तिले काय माईत तू किती खातं?"

दादा हसला, मी हसले, ओसरीवरून बाबाही हसले. बाबांनी तर येता येताच ही बातमी दादाकडून काढून घेऊन अर्ध्या गावाला सांगून टाकली होती. माय मात्र हसली नाही. पुढचे तीन-चार दिवस तिचं कशातच चित्त लागेना. दळायला बसली की मधेच जातं थांबवायची. मला अंगणातून ते ऐकू यायचं, घरघर चालू असता असता एकदम गप्प. मग ती आतूनच विचारायची, "कुसुम, दिवस बुडाच्या आत म्हणजे आपला दिवस का तिकडचा?" मी धावत दादाकडे जायची. दादा म्हणाला, तिकडचा दिवस आपल्या मागून चालतो, इथं दुपार झाली की तिथं अजून सकाळच असते. मी मायला येऊन सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आपण वापरून शिळा केलेला दिवस तिकडं जाते. जाऊ नको म्हणा त्याले."

तिनं हो म्हटल्याशिवाय दादा जाणार नव्हता. असं तो म्हणत नव्हता, पण मला माहीत होतं. मी त्या वेळी पुसदच्या शाळेत आठवीत होते, एका मावशीकडे राहून शिकत होते, आणि सुटीत घरी आले की मला घर पुरत नसे. कुठूनही कुठंही जायला मी तयार असायची. वाण्याकडं, विहिरीवर, गावाबाहेरच्या तांड्यावर, कुठंही. दादाचं विमान हुकलं असतं तर त्याच्यापेक्षा जास्त मी रडले असते. म्हणून मी नकाशा काढला. माझ्याकडं एक जुनं नकाशांचं पुस्तक होतं, त्यात शेवटच्या पानावर सगळं जग. मायच्या शिवणाच्या डबीतून दोरा घेऊन मी दिल्लीवर एक टोक ठेवलं, मॉस्कोवर दुसरं, आणि दोरा तिच्यापुढं धरला. दोन बोटं भरला नाही.

माय दोऱ्याकडे बघत राहिली. "आता यमुनेचं दाखव," ती म्हणाली.

यमुना म्हणजे माझी मोठी बहीण. तिला मुकुटबनला दिलं होतं. जिल्हा एकच, पण आम्ही ह्या टोकाला आणि ती त्या टोकाला, जिथं माणसं बोलता बोलता तेलगू शब्द घालतात. सोयरीक बाबांनी एका बैलबाजारात जमवली होती. जमीन चांगली, माणसं चांगली, एवढं त्यांनी पाहिलं. रस्ता कोणी पाहिला नाही. लग्नाला तीन वर्षं होत आली होती आणि तिला तेव्हा पहिल्यांदाच दिवस गेले होते. मुकुटबन जगाच्या नकाशात कुठं सापडणार? मी माझं जुनं चौथीचं भूगोलाचं पुस्तक काढलं, त्यात पानभर यवतमाळ जिल्हा होता. पुसदपासून मुकुटबनपर्यंत दोरा लावला तर चांगली चार बोटं झाली. मी मायला समजावू लागले की हा नकाशा वेगळा, तो वेगळा, याचं माप निराळं असतं. दादानं मागून माझ्या पाठीत असा चिमटा घेतला की मी वाक्य तिथंच गिळलं.

"पाह्य," माय म्हणाली, "मास्कोपेक्षा यमुना दूर हाय. मले वाटतच होतं." आणि दोरा डबीत ठेवून ती उठली. "जा मंग. दिवस बुडाच्या आत येता येते तं जा. पण जायच्या आधी यमुनेले आणून दे."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. लेकीला सासरहून आणायला मुराळी लागतो. तो बहुतेक भाऊ असतो. तो गेल्याशिवाय सासरचे पाठवत नाहीत आणि लेकही आपली आपण निघत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात दादानं जाऊन यमुनेला आणायचं ठरलं होतं. आता तुम्ही विचाराल, मायनं का जाऊ नये? तर आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं पाणी पिऊ नये, अशी रीत. अन्न तर दूरच. बरेच लोक ही रीत वाकवायचे, शेजारच्या घरचं पाणी आणून प्यायचे, पण माय कडक. ती लेकीच्या गावचंही पाणी प्यायला तयार नव्हती. म्हणून तीन वर्षांत ती मुकुटबनला एकदाही गेली नव्हती. यमुना सणाला येई आणि जाई. जाताना गाडी वळेपर्यंत ती मागं बघत असे, आणि माय मात्र गाडी हलली की लगेच आत जाऊन काहीतरी निवडायला बसे. मला तिचा राग यायचा.

पोळा झाला आणि दादाच्या जाण्याची तारीख अचानक अलीकडे आली. मुकुटबनला जाऊन यायला वेळच उरला नाही. बाबा म्हणाले, "मी नागपूरपर्यंत पोराले पोचवतो, अन् तिकडून आलो का यमुनेले आणाले जातो." मायनं तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या, नागपूरपुरत्या. पुढचं त्या विमानातल्या बाईवर सोडलं. दादा पाया पडला तेव्हा तिनं त्याच्या सदऱ्याच्या खिशात सातूच्या पिठाची पुरचुंडी कोंबली. तो म्हणाला, "माय, खिशात सांडन नं." ती म्हणाली, "सांडू दे. मास्कोत सांडन."

दादा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पुसदच्या बाजारातून आलेल्या एका व्यापाऱ्यानं निरोप आणला. यमुनेला ताप आहे, पाय सुजले आहेत, आणि ती रोज विचारते, माहेरून कोणी आलं का. पोळ्याच्या सुटीत मी घरीच होते. माय दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. व्यापाऱ्याला तिनं पाणी दिलं, गूळ दिला, आणि तो गेल्यावर स्वयंपाकघरात जाऊन पीठ काढलं. किती पीठ काढलं म्हणता? मला वाटलं लग्न आहे. दशम्या केल्या, पुऱ्या केल्या, सातूचं पीठ भाजलं. जायचे दिवस, तिथं राहायचे दिवस आणि यायचे दिवस, एवढ्या सगळ्यांची शिदोरी तिला बांधायची होती, कारण लेकीच्या घरी तिला घासही चालणार नव्हता. फिरकीच्या झाकणाचा मोठा तांब्या विहिरीवर घासून भरून आणला. मी म्हटलं, "माय, मुराळी कोण?" ती म्हणाली, "तू."

पोरगी मुराळी म्हणून जाते हे आमच्या गावात कोणी ऐकलं नव्हतं. शेजारच्या सखारामकाकांनी गाडी जुंपताना विचारलंही, "वयनी, गुणाचा बाप येऊ द्या नं." मायनं गाठोडं गाडीत ठेवलं. "त्याची वाट पाह्याले यमुनेपाशी टाइम हाय का नायी हे कोण सांगन?" ती म्हणाली. काकांनी बैल हाकलले.

ती वाट मला आजही पायाखालची वाटते. पुसदपर्यंत गाडी, मग यवतमाळची मोटार. मोटारीत माय खिडकीशी बसली, मांडीवर तांब्या, आणि दर थांब्याला एकच प्रश्न, "आता गुणवंता कुठी असन?" दिग्रसला मी सांगितलं, नागपूरला असेल. यवतमाळच्या मोटार स्टँडवर रात्र काढली तेव्हा सांगितलं, दिल्लीच्या गाडीत असेल. पांढरकवड्याला उतरलो तोवर दुसरा दिवस कलला होता. मी म्हटलं, दिल्लीला पोचायला आला. तिथून पुढं मोटार चिखलातून जिथपर्यंत गेली तिथपर्यंत गेलो, आणि मग रस्त्याच्या कडेला मुकुटबनकडचा एक गाडीवान भेटला. पोचन्ना त्याचं नाव. मिठाची पोती घेऊन परत चालला होता. यमुनेच्या सासऱ्याचं नाव सांगताच त्यानं पोती सरकवून आम्हाला जागा केली. काळ्या मातीतून चाकं अशी फिरत होती की दर काही वेळानं पोचन्ना उतरून काठीनं चिखल काढायचा. मला वाटायचं, उतरून पळावं. पळून काय होणार होतं, पण बसवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाला आडवा आला. तुडुंब. वरून पाऊस थांबला होता, पण डोंगराकडचं पाणी उतरतच होतं. पलीकडचा काठ दिसत होता, त्यावर एक गाय चरत होती, आणि आम्ही अलीकडे बसलो होतो. मुकुटबन तिथून चालत जाण्याएवढं. पोचन्नानं बैल सोडले आणि म्हणाला, "आता हे उतरन तवा उतरन, माय. आपल्या हाती नायी." त्याच दिवशी सकाळी दादाचं विमान सुटणार होतं. मायनं विचारलं, मी सांगितलं, "आता वर गेला असन."

ती आभाळाकडे बघू लागली. आभाळात ढग. "त्याच्या वाटंत नाले नायी?"

"नायी."

"डोंगर?"

"असतेत. वरून जाते थे."

"बरं हाय," ती म्हणाली. "एक पोरगं तरी सुटलं."

दुपारी तिनं गाठोडं सोडलं तर दशम्यांना बुरशी. पुऱ्यांना वास. तीन दिवसांच्या ओल्या हवेत सगळंच आंबलं होतं. सातूचं पीठ तेवढं बरं होतं, ते आम्ही तिघांनी गूळ घालून तांब्यातल्या पाण्यात कालवून खाल्लं, आणि पाणी संपलं. समोर नाला भरून वाहतोय आणि आमचा तांब्या कोरडा. ते पाणी इतकं गढूळ होतं की बैलही तोंड लावून मागं सरत. पोचन्ना म्हणाला, पलीकडं गावची विहीर आहे, गोड पाणी आहे. मायनं रिकाम्या तांब्याचं झाकण फिरवून घट्ट केलं. ती विहीर मुकुटबनची होती. मी तिच्या ओठांकडं बघत होते, ते सुकून पांढरे झाले होते. मला रीतीचा, बाबांचा, बैलबाजाराचा, सगळ्यांचा संताप आला होता, आणि कोणावर काढावा ते समजत नव्हतं म्हणून मी नाल्यात दगड फेकत बसले.

पाणी उतरलं ते चौथ्या दिवशी सकाळी. यमुनेच्या दारात गाडी उभी राहिली तेव्हा तिची सासू लगबगीनं बाहेर आली. चांगली बाई होती, मोठ्या हाडाची, मोठ्या आवाजाची. "इहीणबाई, तुमी? या, या," म्हणत तिनं पायांवर घालायला आणि प्यायला असं दोन्ही पाणी आणलं. मायनं पाय धुतले. प्यायच्या पाण्याला हात जोडले. सासूला रीत माहीत होती, तिनं तांब्या मुकाट्यानं खाली ठेवला. माय ओसरीच्या कडेला टेकली. तिच्यानं उभं राहवत नव्हतं.

यमुना आतल्या खोलीत बाजेवर होती. मी धावत गेले आणि ओळखलंच नाही. तोंड सुजलेलं, डोळे खोल, पायांवर बोट दाबलं तर खळगा तसाच राहावा. माय खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसली. यमुनेनं तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "दादा गेला?"

"कालच्या दिवसात पोचला असन," मी म्हटलं.

"कुठी?"

"मास्कोले."

"एका दिवसात?"

"हो."

ती हसली. ते हसू मला आवडलं नाही. "अन् मले आणाले कोण आलं?"

"मी. मी मुराळी हाय."

"तू मुराळी," ती म्हणाली, आणि मग मायकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता. "माय, तीन वर्षं मी त्या वाटंकडे पाहून राह्यली. मले ताप आला, आंबाडीत काम करताना पडली, माह्या सासूनं सारं केलं. पण मी रोज पाहे. तू आली नायी."

"कशी येऊ व," माय म्हणाली. "पाणी पेता येत नायी तुह्या घरचं."

"मंग आज काऊन आली?"

 मायनं पदर तोंडाशी धरला. मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हाही पाहिलं नाही, पण तिचे खांदे हलत होते. यमुना बाजेवरून उठली. सासूनं धरायला हात पुढं केला, तिनं तो बाजूला केला. भिंतीला धरून, त्या सुजलेल्या पायांनी ती माठापर्यंत गेली. लोटा भरला. परत आली आणि उंबऱ्याशी, मायच्या पुढं, कशीबशी खाली बसली.

"पे."

"यमे, पाप लागते व माय. तुह्या पोटातल्याले लागन."

"मी तहानली राह्यली थे चाललं?" यमुना म्हणाली. "तू नायी पेली तं मी येत नायी. अन् तू जाय परत."

 अंगणात पोचन्ना बैलांना पाणी दाखवत शीळ घालत होता. मायनं लोटा घेतला. दोन्ही हातांनी धरला. आधी एक घोट घेतला, थांबली, जणू काही होतंय का ते बघत होती, आणि मग सगळा लोटा एका दमात संपवला. पाणी हनुवटीवरून चोळीवर सांडलं. यमुनेनं आपल्या पदरानं तिची हनुवटी पुसली, आणि मग दोघी तिथंच उंबऱ्यावर एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. तेव्हा मीही रडले. सासूबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "पाणी पेल्या नं? मंग आता जेवाच. भाजी गरम हाय."

यमुनेची गाडीत घालून नेण्यासारखी स्थिती नव्हतीच. माय तिथंच राहिली. लेकीच्या घरचं जेवली, लेकीच्या चुलीवर रांधलं, तिच्या पायांना रात्रंदिवस शेक दिला. मला दोन आठवड्यांनी बाबा येऊन घेऊन गेले. ते ओसरीवर बसून घरून आणलेलं पाणी प्याले आणि मायशी एक शब्द बोलले नाहीत. गावात बायका म्हणाल्या, गुणाची माय लेकीच्या घरी खाऊन राह्यली. माय सव्वा महिना उलटल्यावर, नातीला अंगाखांद्यावर खेळवून परत आली. बाळ दिवसांआधीच झालं होतं, मुठीएवढं, पण जगलं. तीच ही माझी भाची, जिला गुडघेदुखीशिवाय दुसरा विषय नाही.

माय घरी आली तेव्हा दादाचं पत्र येऊन पडलं होतं. मी ते तिला चुलीपुढं वाचून दाखवलं. त्यानं लिहिलं होतं की विमानात सूर्य मावळतच नव्हता, त्यांच्याबरोबर पळत होता. ती बाई खरंच ताट घेऊन आली, पाणी तर दर थोड्या वेळानं विचारून विचारून देत होती, नको म्हणायची वेळ आली. सातूचं पीठ खिशात सांडलं आणि तिथल्या एका साहेबानं ते झटकून दिलं. दिवस बुडायच्या आत पोचलो, माय, तुला सांगितलं होतं तसंच. शेवटी त्यानं विचारलं होतं, बाबांच्या पत्रात आहे की तू मुकुटबनला गेलीस. तुला पोचायला किती वेळ लागला?

मी दौत-टाक घेऊन बसले. माय भाकरी थापत होती. मी मनात हिशोब करू लागले, गाडीचा, मोटारीचा, नाल्यावरच्या दिवसाचा, आणि विचारलं, "काय लिहू?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"लिही," ती म्हणाली, "तीन वर्षं."